किल्ली क्रमांक एक

नव्या घराच्या किल्ल्या नीट तपासून ताब्यात घ्यायच्या, एवढंच भाऊसाहेबांनी ठरवलं होतं. यापेक्षा निरुपद्रवी बेत माणसाने काय करावा! पण भाऊसाहेब गेली बावीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते, आणि 'नीट' म्हणजे काय याबद्दलच्या त्यांच्या कल्पना जरा लांबलचक होत्या. त्यांनी यादी केली. एकशे बारा कलमं झाली. बायकोने ती वाचली आणि विचारलं, "अहो, आपण राहायला कधी जायचं ते कितव्या कलमात आहे?"

शेवटचं कलम त्यांनी कुणाला दाखवलंच नव्हतं. 'आईने स्वतःच्या हाताने दार उघडणे.' आईचं सगळं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलं होतं. जिथे जावं तिथे एक किल्ली मालकाकडे असायची, आणि छत गळतंय का बघायला मालक केव्हाही आत यायचा (मग भर उन्हाळा का असेना). जे दार दुसऱ्या कुणालाही उघडता येणार नाही, असं एक दार आईने उघडावं, एवढ्यासाठी भाऊसाहेबांनी घर बांधायला काढलं होतं. हे ते कधी बोलले नाहीत. बोलायला गेलं की ते बिजागऱ्यांचा विषय काढत.

तर रविवारी सकाळी सगळे नव्या घरी पोचले. कंत्राटदार आणि सुतार आधीच येऊन थांबले होते. या दोघांनी वर्षभर भाऊसाहेबांना सोसलं होतं. "बिजागरी बाहेरून निघता कामा नये. कडी हलता कामा नये. चोर आला पाहिजे आणि हात हलवत परत गेला पाहिजे," हे त्यांना झोपेतसुद्धा ऐकू येत असणार.

भाऊसाहेबांनी अंगणात खुर्ची मांडली. "आई, इथे बस. काही करायचं नाही, काही बोलायचं नाही. मी सांगेन तेव्हा उठायचं."

"बरं," म्हणून आई चष्म्याचं घर मांडीवर ठेवून बसली.

मग किल्ल्यांची तपासणी सुरू झाली. स्टोअरचा नियम होता, किल्ली वापरली की लगेच खुंटीवर. बावीस वर्षांत तो त्यांच्या हातात इतका भिनला होता की कधी कधी ते चष्माही खुंटीला अडकवत आणि मग घरभर शोधत. इथेही त्यांनी आतल्या भिंतीवर खुंट्यांची फळी ठोकून घेतली होती, प्रत्येक खुंटीखाली क्रमांक. कुलूप उघडलं, लावलं, टिक केली, किल्ली खुंटीवर. शेवटी पुढच्या दाराची किल्ली, क्रमांक एक. आतून पाहिली, बाहेरून पाहिली, खुंटीवर.

आता शेवटचं कलम. दार आईने उघडायचं, म्हणजे ते आधी बंद हवं. भाऊसाहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. ओढलं की आपोआप लागणारं लॅच अलगद बसलं.

"आवाज ऐकलात?" सुतार खुशीत म्हणाला.

"आई, ऊठ," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग पुन्हा पहिल्या.

"किल्ली कुठाय?" बायकोने विचारलं.

"खुंटीवर." अशा वेळीही त्यांच्याने राहवलं नाही. "जागच्या जागी."

"आणि दुसरी?"

"तीही."

"कुलपाबरोबर तीन येतात ना?"

"तिसरी आलीच नाही. कंपनीला दोन कडक पत्रं धाडलीत मी."

सुतार खोकला आणि आईकडे बघू लागला. आई पुन्हा खुर्चीत बसली होती. तिला बोलायची परवानगी नव्हती.

मग घरात शिरायचे प्रयत्न झाले. सुतार पटाशी घेऊन खिडकीपाशी खटपट करू लागला. पाच मिनिटांनी घाम पुसत म्हणाला, "नाही निघायची. मीच बसवलीय, मला माहितीय ना!" बायकोने चौकटीवरून बोट फिरवलं. "खरंच हो, केसभर फट नाही." भाऊसाहेबांनी मागच्या दाराला खांद्याने तीन धक्के दिले. दार हललंसुद्धा नाही. "वा!" ते खांदा चोळत म्हणाले. न्हाणीघराच्या झरोक्यातून हात घालून कडी काढावी म्हणून ते सुताराच्या स्टुलावर चढले, तर हात कोपरापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. चोराचा हात शिरू नये म्हणून पट्ट्या जवळजवळ बसवायला त्यांनीच सांगितलं होतं. सुताराच्या डब्यातलं तेल चोळून हात बाहेर काढावा लागला. वर्षभर ज्या चोराची धास्ती घेतली, तो शेवटी आला होता आणि हात हलवत परत चालला होता.

"काय काम केलंय हो तुम्ही!" बायको कंत्राटदाराला म्हणाली, आणि ते अगदी मनापासून होतं.

कंत्राटदाराचे डोळे पाणावले. "वहिनी, इतकी घरं बांधली, पण एवढं बारकाईने कुणी पाहिलं नव्हतं. लोक लगेच आत जातात ना."

भाऊसाहेब येऊन आईच्या पायाशी बसले. बाहीला तेल, खांद्याला कळ. "आई, चुकलं माझं. हे दार तुझ्या हाताने उघडायचं होतं. त्यासाठीच तर सगळं..." ते बाहीवरचं तेल पुसू लागले.

"आता बोलू?" आईने विचारलं.

"बोल ना."

आईने चष्म्याचं घर उघडलं. चष्म्याखाली किल्ली होती. "महिन्यापूर्वी कुलूप बसलं त्याच दिवशी मी सुताराकडून मागून घेतली. तू कामावर गेलास की दुपारची येते. मागच्या खोलीत वारा छान लागतो, तासभर डोळा लागतो."

"महिनाभर? अगं, मग मघाशीच का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणालास, बोलायचं नाही. आणि खरं सांगू?" आईने घराकडे पाहिलं. "जन्मभर वाटेल तो आत येत होता. आज एवढी माणसं धडपडली, पण एकाला आत शिरता आलं नाही. बघून फार बरं वाटलं रे."

ती उठली, पायऱ्या चढली, आणि कुणाचा हात न धरता तिने दार उघडलं. भाऊसाहेबांनी डोळे पुसले आणि शेवटच्या कलमावर टिक केली. आईमागून बायको गेली, सुतारही गेला. भाऊसाहेब पायरीवरच थांबले, कारण कंत्राटदाराने कागद पुढे केला होता. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'घराचा संपूर्ण ताबा मिळाला,' आणि खाली सही ठोकली.

तेवढ्यात वारा आला. मागे लॅच अलगद बसलं.

भाऊसाहेबांनी दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून आईने विचारलं.

"मी."

"किल्ली?"

"खुंटीवर."

आत एक कपाट उघडून बंद झाल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "खुर्ची आहे बघ अंगणात. मी अजून घर बघतेय. सांगेन तेव्हा उठायचं."