सोनू सुस्थितीत परत करावी

थोरल्या मुलाच्या, घनश्यामच्या पोरीचं लग्न झालं, त्याच वर्षी कोर्टाने छोटेलालच्या दुसऱ्या नातीची वाटणी केली. सात वर्षांची सोनू आईजवळ सौंदडला राहील. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बापाकडे, अर्जुनी मोरगावजवळच्या गावी येईल. रविवारी पाच वाजता आई दारात आली, की मुलगी ‘सुस्थितीत परत करावी’.

बाप भुपेंद्र, छोटेलालचा धाकटा मुलगा, रविवारी राईस मिलवर पाळीला जायचा. मग कोर्टाच्या त्या कागदाची भीती म्हातारा छोटेलाल एकटाच सांभाळायचा. वकील म्हणाला होता, एक तक्रार गेली तर हे दोन दिवसही बंद. आणि सुस्थितीत परत करणं म्हणजे काय, हे छोटेलालला कुणी शिकवायला नको होतं. उसन्या आणलेल्या बैलाचं शिंग एकदा त्याच्या हातून मोडलं होतं, तर मालकाने सात वर्षं बोलणं टाकलं होतं. तेव्हापासून उसना बैल गोठ्यात घेताना तो त्याच्या अंगावरच्या खुणा वहीत लिहायचा. सोनू आली की तिच्याही लिहायचा. डास चावल्याच्या खुणा दोन, रिबीन लाल, वरचा एक दात हलता.

त्या रविवारी चार वाजता तो हलता दात पेरूत राहिला.

"आबाजी, पडला!" सोनू नाचायला लागली.

छोटेलालने हात पुढे केला. "कुठी हाय? आण इकडं, कागदात बांधून देऊ."

"आजीनं कवेलूवर फेकला."

अनुसयाबाई अंगणात हात झटकत उभी होती. "मंग का करू? दुधाचा दात छपरावरच फेकतेत. उंदीर नवा देते."

"उंदीर येईन का कोर्टात साक्ष द्याले? पोरगी एका दातानं कमी भरली म्हंजे?"

"नात हाय ते तुमची, बैल नोहोय!"

"बैलाच्या मालकानं निस्तं बोलणं सोडलं. हा तं जज हाय!"

शिडी लावून छोटेलाल चढला. सत्तरीचे पाय आणि शेवाळलेलं कौलारू छप्पर. पहिलं कवेलू फुटलं, दुसरं सरकलं, आणि त्याच्याखाली दात सापडला. पुढे आणखी एक. मग तिसरा. घनश्यामच्या पोरांचे दातही याच छपरावर गेले होते. यातला सोनूचा कोणता? त्याने तिन्ही बंडीच्या खिशात टाकले आणि मागे पाय टाकला. पाय शिडीला लागला आणि शिडी धाडकन अंगणात पडली. अनुसयाबाईला ती उचलेना.

तेवढ्यात फाटकाशी सोनूची आई चंद्रकांता आली. घर सोडल्यापासून तिने या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. पोरीला ती फाटकातूनच न्यायची.

"मामाजी, वरती कायले गेले?" तिने सासऱ्याला विचारलं.

"कवेलू फेरून राहिलो," छोटेलाल म्हणाला.

सोनू धावत आली आणि आईकडे बघून खिंडार दाखवत हसली. छोटेलालने डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा चंद्रकांता अंगणात होती. तिने शिडी उचलून लावली आणि दोन्ही हातांनी धरली. "या हळूहळू. डावा पाय खाली घ्या."

खाली येताच छोटेलालने खिशात हात घातला आणि मूठ तिच्यापुढे उघडली. "घे बाई. एक कमी झाला होता, तीन देऊन राहिलो. तक्रार नको करू."

चंद्रकांताने ते तिन्ही दात हातात घेतले. "मामाजी, मांगच्या बारी सोनू सायकलीवरून पडली होती. गुडघा फुटला. तुम्ही कोर्टात सांगान म्हून मी तिले पायजमा घालून धाडलं. दोन दिवस मले जेवण गेलं नाई."

"दिसला होता मले गुडघा."

"सोनू सांगते, तुम्ही सारं वहीत लिहिता. मंग गुडघा लिहिला नाई काऊन?"

"लिहिला असता, तं तू पुढच्या बारी धाडली असती का तिले?"

अनुसयाबाईने कुणाला न विचारता चहा ठेवला. चंद्रकांताची सहाची गाडी गेली आणि सातचीही.

छोटेलाल पुढच्या वर्षी धानाच्या कापणीत, चौथ्या शनिवारी पहाटे वारला. चंद्रकांता सोनूला घेऊन आली आणि तेरवी होईपर्यंत राहिली.