सायकल बाहेर, तर गुलाबराव बाहेर

आमच्या कॉलनीतले गुलाबराव शॉपिंग सेंटरमध्ये सायकल घेऊन जातात. सायकलवर बसून नव्हे, तिला हाताशी धरून. गावाहून आलेल्या पाहुण्याला बाजार दाखवावा तसे. तिथले काचेचे दार आपोआप उघडते. माणूस कोण आणि सायकल कोण, हा भेद ते करत नाही.

बाळांनो, तुमच्या तिकडे परदेशात सायकलींना स्वतःचा रस्ता असतो म्हणे. आमच्या कारंजा गावाच्या बायपासवर हे सेंटर झाले, तेव्हा चारचाकींसाठी पिवळ्या रेघा आखल्या, मोटारसायकलींसाठी पांढऱ्या. सायकल नावाची वस्तू बांधणाऱ्याच्या लक्षातच नव्हती. गुलाबरावांनी पहिल्या दिवशी पांढऱ्या रेघांत सायकल लावली, तर गार्ड धावत आला. ही गाड्यायची जागा आहे म्हणाला.

"मंग हे काय बैल हाय?" गुलाबरावांनी विचारले आणि सायकल घेऊन सरळ आत गेले. जाताना त्यांचे ठेवणीतले वाक्य बोलून गेले, "सायकल बाहेर तं मी बाहेर. सायकल अंदर तं मी अंदर."

आत ती ट्रॉलीचे काम करते. हँडलला डाळीची पिशवी, कॅरिअरवर झाडू, दांडीवर कोथिंबिरीची जुडी. बिल करणाऱ्या मुलीने एकदा सवयीने घंटीवरही किमतीचा कोड शोधला, असे तीच हसत सांगते. लग्नातसुद्धा तेच. पंगतीत त्यांच्या मागे भिंतीला सायकल टेकलेली. एका वाढप्याने थट्टेने तिच्यापुढे पत्रावळ मांडली, तर गुलाबराव शांतपणे म्हणाले, "राहू द्या, तिचं झालं."

आता माझ्याविषयी. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि जन्मभर इंग्रजीच शिकवले, त्यामुळे जगातली प्रत्येक अडचण अर्ज केल्याने सुटते अशी माझी श्रद्धा आहे. माझ्या हळदीच्या डब्यावर 'हळद' अशी चिठ्ठी आहे. तुमचे आजोबा म्हणत, हळद स्वतःच पिवळी असते, तिला ओळखपत्र कशाला? गुलाबरावांच्या घरी गिरिजावहिनींना विसरायला होऊ लागले, तेव्हाही मी लगेच डब्यांवर चिठ्ठ्या लावायचा सल्ला देऊन आले होते. गुलाबराव "हाव, पायतो" म्हणाले. त्यांचा असा होकार म्हणजे नाही, हे मला फार उशिरा कळले.

तर सायकलींना जागा नाही, हा अन्याय मी हाती घेतला. सेंटरच्या मॅनेजरला इंग्रजीत अर्ज लिहिला. त्यात मुद्दे होते, पोटमुद्दे होते, पर्यावरण होते. मॅनेजर तुमच्याच वयाचा निघाला. त्याने अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला आणि नम्रपणे विचारले, "आजी, नेमकं काय पाहिजे?" मी म्हटले, सायकल स्टँड. तो म्हणाला, "बरं." इतक्या सोप्या विजयाने मी जराशी दुखावलेच.

स्टँड झाला. चाके अडकवायचे लोखंडी कप्पे, वर पत्रा. गार्डने नारळ फोडला, मी फीत कापली आणि समोर उभ्या असलेल्या सफाईवाल्या बायांना सायकलचे फायदे समजावून सांगितले. फक्त गुलाबरावांनी त्यात सायकल लावली नाही. स्टँडभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर टिचकी मारून पाहिली, "मजबूत हाय बाई" म्हणाले आणि सायकलसकट आत निघाले.

गार्डने या वेळी अडवले. आता स्टँड आहे, आता आत आणायची नाही, साहेबांचा हुकूम आहे.

म्हणजे माझ्या चळवळीचे फळ असे, की जो एकमेव माणूस सायकलने येत होता, त्याचे येणे बंद झाले. स्टँडवर सफाईवाल्या बाया फडकी वाळत घालू लागल्या. पत्र्यामुळे चांगली सावली पडते, म्हणून त्यांनी माझे आभारही मानले.

मला गुलाबरावांचा रागच आला. हट्टाला काही सीमा? मग परवा सकाळी मी फिरून येत होते, तर सेंटरच्या फाटकापाशी गुलाबराव सायकल धरून उभे. त्यांनी मला हाक मारली. वहिनींच्या गोळ्या संपल्या होत्या, आणि त्या गोळ्या गावात सेंटरमधल्या औषधाच्या दुकानातच मिळतात. मी तेवढ्या आणून देईन का, असे त्यांनी विचारले.

मी गोळ्या आणण्याआधी भाषण दिले. स्टँड आहे, कुलूप आहे, गार्ड आहे, मग सायकल लावायला काय होते? तुमच्या या जुन्या सायकलला नेणार तरी कोण?

गुलाबराव सीटवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, गिरिजा आता माह्या तोंडावरून मले नाई ओळखत. सायकल ओळखते. सायकलसंगं जो आला तो तिचा नवरा."

ते सांगत होते, मागे एकदा चाक पंक्चर झाले, म्हणून ते सायकल दुकानात टाकून ऑटोने घरी गेले. वहिनींनी दार उघडले आणि पदर सावरला.

"मले म्हने, बसा, मालक येतीनच आता. बसलो मंग ओट्यावर. तिनं चहा आनून देल्ला. घरच्यापेक्षा साखर जास्त होती बाई. पाहुन्याचं लय करते ते." ते थोडे हसले. "अन् मलेच सांगे, ते अजून आले नाईत, मले काळजी लागून राह्यली म्हने. मंग म्या चहा पेला, पंक्चरवाल्याकडे गेलो, सायकल घेऊन आलो. तं माह्यावर चिडली. इतका उशीर काहून केला? एक पाहुना येऊन गेला, तुमची वाट पाहून पाहून."

फाटकातून गाड्या आत-बाहेर करत होत्या.

"गोळ्या तुम्हीच आणा," मी म्हटले. "तुम्हाला नाव नीट ठाऊक आहे. सायकल मी धरते."

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या हातांकडे पाहिले. डावीकडे कलते, जरा दाबून धरा, एवढे सांगून ते आत गेले. मोकळ्या हातांनी चालायची त्यांना सवय नसावी. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हते.

मी दोन्ही हातांनी हँडल धरून उन्हात उभी राहिले. गार्ड आला आणि फडक्यांनी भरलेल्या स्टँडकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, तुमीच तं मागितलं होतं नं ते. लावा ना तिथं."

"राहू दे," मी म्हटले. "धरली आहे मी."

गुलाबराव गोळ्या घेऊन आले, ते जवळजवळ पळतच. आधी सायकल पाहिली, मग मला. पाकीट खिशात घातले, सायकल हातात घेतली आणि टांग मारता मारता म्हणाले, "निघतो बाई. वाट पाहून राह्यली असंन."