रिक्षामागची मोटार

दाते काकांची मोटार कुठेही निघाली, की तिच्या पुढे एक रिक्षा असायची. रिक्षात काकू, मागे मोटारीत एकटे काका. मंडई असो, दवाखाना असो, नाहीतर मुलीचं घर, वरात अशीच जायची.

बिबवेवाडीत नवीन राहायला आलो तेव्हा हे बघून मला चैन पडेना. मी पडलो चौकस! शेवटी जिन्यात गाठून विचारलंच, "काका, ही भानगड काय आहे?"

"भानगड नाही, तत्त्व आहे. तिचं."

मोटार काकांच्या वडिलांची. पुढच्या काचेची लोखंडी चौकट गंजलेली, आणि पावसाचं पाणी नेमकं डावीकडच्या सीटवर ठिबकायचं. भाचीच्या लग्नाला जाताना काकूंच्या पैठणीवर गंजाचा डाग पडला. "ही गळायची थांबेपर्यंत मी हिच्यात बसणार नाही," काकूंनी सांगून टाकलं. भर उन्हाळ्यातही बसल्या नाहीत. बाणा म्हणजे बाणा!

काका गळती मान्यच करत नसत. "गळत नाही हो, घाम येतो तिला." आणि मग गुपचूप फटीत लांबीचा लगदा भरायचे, मेण ओतायचे. एकदा तर चक्क कणीक थापली, ती मुंग्यांनी नेली.

पत्र्याचं काम करणारे इस्माईलभाई म्हणाले, "काका, हाडच कुजलंय, वरून मलम किती लावणार? चौकट कापून नवी बसवू."

"वडिलांच्या गाडीला करवत? शक्य नाही!"

यंदा काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके काढायलाही त्या रिक्षानेच निघाल्या. मी काकांच्या सोबत होतो. प्रत्येक खड्ड्याला पुढे काकूंचा हात रिक्षाची दांडी आवळायचा आणि इकडे काका "आई गं!" म्हणायचे. दवाखान्यातून काकूंची रिक्षा घरी पोचली आणि काकांनी मोटार थेट इस्माईलभाईंच्या दारात नेली.

"कापा," एवढंच म्हणाले. करवत चालू होती तोवर पाठ करून उभे राहिले.

नव्या पत्र्याची चौकट बसली, नवं रबर आलं, काच चढली. मग मोटार घरी आणून काका पांढराशुभ्र सदरा घालून डावीकडच्या सीटवर बसले. "हं, मारा पाणी!" मी नळी धरली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाणीकपातीची आठवण करून दिली. सदरा कोरडा ठणठणीत!

काकूंना खाली आणलं. त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं, बोट निरखून बघितलं आणि बसल्या.

"इतकी वर्षं माझ्या मागे मागे कशाला यायचात हो? घरी बसायचं होतं स्वस्थ."

काका स्टिअरिंग पुसत राहिले. "घरी बसून काय करू? तू नसतेस तिथे."

मी हळूच दार लावलं, आणि कुठे निघालात म्हणून विचारलं नाही.