वाघोबांच्या उपासाचा धडा

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती. जंगलात शाळा कशाला, असं विचारू नका. गोष्ट पुढे जात नाही.

शाळेत घोरपड मास्तर शिकवायचे. घोरपडच ती, एकदा धरलं की सुटायचं नाही. मास्तरांनी एकच धरलं होतं. शंभर टक्के निकाल लागला, की पास झालेल्या पोरांबरोबर गुरुजींचाही सत्कार व्हायचा. वाघोबांच्या गुहेत. शाल आणि नारळ.

त्या साली वरून हुकूम आला. पोरांना नुसतं पाठ करायला लावू नका, वाचलेलं तपासायला शिकवा. कोण म्हणतो, पुरावा काय, म्हणणाऱ्याचा फायदा काय, हे त्यांनी विचारलं पाहिजे.

मास्तरांनी तिन्ही प्रश्न फळ्यावर लिहिले. खाली तिन्ही उत्तरं लिहिली. म्हणाले, "पाठ करा."

धडा होता 'वाघोबांचा उपास'. वाघोबांनी मांस सोडलं असून ते हल्ली फक्त पाला खातात, असं त्यात होतं. लेखक, वाघोबा.

"पुरावा काय?"

"धड्यात दिलं आहे," हरणं, माकडं, डुकराची पिल्लं, सगळी एका सुरात म्हणाली.

चिंगी नावाची सशाची पोर तेवढी गप्प.

"चिंगे, तोंडात गवत आहे का?"

"नाही गुरुजी. काल मी गुहेवरून आले. दाराशी हाडं होती. ताजी."

"हाडं अभ्यासक्रमात नाहीत."

"आणि पाला तसाच वाळत पडला होता."

"धड्याखाली नाव कुणाचं आहे? तुझं?"

"वाघोबांचं. म्हणून तर विचारते. हे सांगून त्यांचा फायदा काय?"

मास्तरांनी फळ्यावरचं तिसरं उत्तर दाखवलं. 'काहीही नाही.' "वाच."

"वाचलं. पटलं नाही."

"पटायचं कशाला, बाळ? लिहायचं. माझ्या शालीचा प्रश्न आहे गं."

चिंगीने परीक्षेत लिहिलं, 'पटलं नाही. हाडं बघितली.' पेपर लांडग्याने तपासले. चिंगीला भोपळा मिळाला. बाकी सगळे पास. शंभर टक्के हुकले आणि मास्तरांचं आमंत्रण गेलं.

सत्काराच्या दिवशी लांडगे वाजतगाजत न्यायला आले. पोरं मिशा विंचरून निघाली.

"जाऊ नका रे," चिंगी म्हणाली.

"नापास झालीस म्हणून जळतेस," हरणाचं पाडस म्हणालं.

मास्तर कुंपणाशी उभे राहून रडले. नारळ फुटल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. निदान त्यांनी तो नारळाचा धरला.

पोरं परतली नाहीत. "भाषणं लांबली असतील," मास्तर म्हणाले.

आता वर्गात चिंगी एकटी असते. मास्तर रोज हजेरी घेतात आणि म्हणतात, "तुझ्यापायी माझा सत्कार राहिला."

"हो गुरुजी," चिंगी म्हणते.

तात्पर्य : छापलेलं सगळं खरं मानावं. नंबर येतो, सत्कार होतो, न्यायला मंडळी घरी येतात. शंका काढणाऱ्याला मात्र जन्मभर शाळेतच बसावं लागतं. हे पाठ करा, परीक्षेला येणार आहे.