आगीचा विमा आणि ओला कापूस

पुंडलिकराव ढोकणे चहा घेऊन माजघरातल्या कापसाच्या ढिगावर टेकले आणि लगेच उठले. धोतर मागून चिंब भिजलं होतं.

“अवं, ऐकलं का?” त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. “इकडं ये जरा. आन् बाहेरचं दार लावून ये.”

विमलताईंनी येऊन पाहिलं. भिंतीला घमेल्याएवढा काळा डाग पडला होता आणि त्यातून पाणी झिरपत होतं. यवतमाळच्या त्या गल्लीत घरात नळ आणणारे पुंडलिकराव पहिले. भिंतीवरून गेलेला नळ त्यांना बरा दिसेना, म्हणून त्यांनी तो भिंतीत गाडून घेतला आणि वरून चुना मारला. आता आतला सांधा सुटला होता, आणि तो नेमका कुठे सुटला हे पाहायची सोय त्यांनीच बुजवून टाकली होती. त्याच भिंतीला लागून शेतातला सगळा कापूस रचलेला. संक्रांतीनंतर भाव चढेल म्हणून राखून ठेवलेला.

“अंगणात पसरवू,” विमलताई म्हणाल्या. “वाळून जाईन.”

“अंगणात? आन् लोकं काय म्हणतीन?”

लोक काय म्हणतील याची भीती पुंडलिकरावांना उगाच वाटत नव्हती. ते जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचे. वजन वाढावं म्हणून कोणी कोणी कापसावर पाणी मारून आणतात. पुंडलिकराव गाडीत कोपरापर्यंत हात घालत, डोळे मिटत आणि एकच शब्द बोलत: ‘कोरडा’ किंवा ‘ओला’. ‘ओला’ म्हटलं की गाडी माघारी. त्यावर दाद ना फिर्याद. जिनाचे शेठही मध्ये बोलत नसत. अशा माणसाच्या घरात ओला कापूस! नळ फुटला म्हणून सांगावं, तर माघारी गेलेल्या प्रत्येक गाडीवाल्याने काही ना काही सांगितलंच होतं. कोणावर दव पडलं होतं, कोणाचा बैल नाल्यात बसला होता. नळाची गोष्ट आजवर कोणी सांगितली नव्हती, एवढंच.

तेव्हा पुंडलिकरावांना विमा आठवला. जिनातल्या आगी पाहून ते इतके धसकले होते की त्यांनी घराचा, आतल्या मालासकट, विमा उतरवला होता. कंपनीने पैसे द्यावेत, ओला कापूस घेऊन जावा आणि गोष्ट घरातल्या घरात मिटावी. एजंटही घरचाच होता, विमलताईंचा धाकटा भाऊ मारोतराव. तो निरोप मिळताच आला, डाग पाहिला आणि डोकं खाजवू लागला.

“भाऊजी, हा आगीचा विमा हाये.”

“घराचा हाये ना?”

“घराचाच. पर आग लागली पाह्यजे.”

“म्हणजे पाण्यानं नुकसान झालं तं कंपनी काहीच देत नाही?”

“देते ना! आग विझवाले पाणी मारलं, आन् त्याच्यानं काही भिजलं, तं त्याचं देते.”

पुंडलिकरावांनी झिरपत्या भिंतीकडे पाहिलं.

“म्हणजे पाणी चालते.”

“चालते. पर ते आगीच्या मागून आलं पाह्यजे. तुमचं पाणी आधी आलं.”

“आन् आग मागून आली तं?”

मारोतरावने बहिणीकडे पाहिलं. “ताई, याईले अजून एक कप चहा दे.”

“कशावर देऊ?” विमलताई म्हणाल्या. “सरपण बी त्याच भिंतीले लागून होतं. सकाळच्या चहानंतर चूल पेटूनच नाही राह्यली. आग लावतो म्हणतात!”

एवढ्यात दार वाजलं. पुंडलिकरावांच्या शेताशेजारी ज्याचं शेत, तो तांड्यावरचा देवसिंग राठोड आला होता. कापूस जिनात न्यायला गाडी कधी आणू, हे त्याला विचारायचं होतं. कोणी काही बोलायच्या आत तो ऐसपैस ढिगावर बसला, आणि बसल्या जागी हसला.

“भाऊ, खालून वल्लं आन् आतून गरम! शेकोटी लावली का आत?”

पुंडलिकरावांनी ढिगात हात घातला. आत खरोखर ऊब होती. सरकीसकट भिजलेला कापूस दाबून ठेवला की आतल्या आत तापतो, आणि कधी कधी पेटतोही. त्यांचा चेहरा उजळला. ही आग त्यांनी लावलेली नव्हती. प्रामाणिक आग होती.

“मारोतराव! हा आपल्या आपण पेटला तं?”

“भाऊजी, माल आपल्या आपण तापून पेटला तं कंपनी मालाचं देत नाही.”

“पाण्यानं नाही, लावलेल्या आगीनं नाही, लागलेल्या आगीनं बी नाही. मंग तुमची कंपनी देते तरी कायचं?”

“आजपर्यंत मले कोणी मांगतलंच नव्हतं, भाऊजी,” मारोतराव नम्रपणे म्हणाला.

शेवटी देवसिंगनेच मार्ग काढला. कापूस कडब्याखाली झाकून तांड्यावर नेला. तिथे देवसिंगच्या घरवालीने, सुखीबाईने, बायका जमवून तो खळ्यावर पसरला. उन्हाच्या कलाने त्या तो हलवत, उलटत राहिल्या. कापूस चांगला खडखडीत झाल्यावर पुंडलिकराव पाहायला आले.

“या भाऊ, सांगा,” सुखीबाई पदर सावरत म्हणाली. “कोरडा का वल्ला? तुमी तं डोये मिटून सांगता म्हणे.”

बायका खुदखुदल्या. पुंडलिकरावांची हात घालायची छाती होईना. “तुमीच पाहा, बाई,” म्हणून ते बैलांकडे पाहत उभे राहिले.

कडब्याखालून कापूस नेला तरी गोष्ट झाकली जात नाही. दुसऱ्या दिवशी पुंडलिकरावांची गाडी जिनाच्या फाटकात शिरली, तेव्हा रांगेतले गाडीवाले गाड्यांवरून उतरून जवळ आले. माणूस स्वतःच्या कापसाला काय म्हणतो, हे त्यांना ऐकायचं होतं. शेठही गादीवरून उठून आले. पुंडलिकरावांना घाम फुटला. कपाळाला फुटला, मानेला फुटला, तळहाताला फुटला. त्यांनी हात कोपरापर्यंत घातला, डोळे मिटले. बोटांना ओल लागली.

“ओला,” ते म्हणाले. “परत न्या.”

गाडीवाले एकमेकांकडे पाहू लागले. मग कोणीतरी म्हणालं, “वा रे पुंडलिकराव! याले म्हणते माणूस!” मापाऱ्याने आदराने गाडीत हात घातला आणि बाहेर काढून धोतराला पुसला. शेठनीही हात घातला आणि रुमालाला पुसला. “भल्लाच वल्ला हाये,” दोघं म्हणाले.

गाडी घरी आली. विमलताईंनी मूठभर कापूस काढून नवऱ्याच्या गालाला लावला.

“कुठं वल्ला हाये?”

पुंडलिकरावांनी हात उपरण्याला पुसला, पुन्हा घातला, आणि कापूस कोरडा लागला. गप्प राहावं तर कापूस गेला. बोलावं तर जन्मभराचा शब्द गेला. विमलताईंनी तो मूठभर कापूस त्यांच्या हातात ठेवला. त्या तिथे नुसत्या उभ्या राहिल्या, आणि ते पुरेसं झालं. पुंडलिकराव तसेच गाडी वळवून जिनात गेले.

“शेठ, मी चुकलो. माह्या हाताले घाम होता. कापूस कोरडा हाये.”

शेठनी त्यांच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. “वहिनी लय बोलल्या का?”

“नाही हो. देवाशप्पथ कोरडा हाये!”

“असं तं सगळेच म्हणतात, पुंडलिकराव,” शेठ म्हणाले. “पर तुमचा पयला शब्द मी मोडणार नाही. तुमच्यासाठी बी नाही.”

पुंडलिकरावांनी ओला म्हटलेला कापूस मग कळंबच्या जिनात कोणी घेईना, ना बाभुळगावच्या. शेवटी पिंजारी बोलावून त्यांनी त्याच्या गाद्या भरून घेतल्या. तेव्हापासून घरी कोणीही येवो, पुंडलिकराव चहाआधी त्याला गादीवर बसवत आणि आशेने त्याच्या तोंडाकडे पाहत.

पाहुणा गादी चाचपून पाही. समोर कोण बसलं आहे हे त्याला ठाऊक असे.

“थोडी वलसरच लागून राह्यली, नाही का?” तो अदबीने म्हणे आणि हात धोतराला पुसे.