साहेबांचा योद्धा आणि बढती

साहेब खेळायला आले आणि नकाशेवाल्याच्या सुखाच्या शनिवारांना दृष्ट लागली.

शनिवारी ऑफिस सुटलं की मीटिंगच्या टेबलावर त्याचा आणि सहकाऱ्यांचा खेळ रंगे. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि सूत्रधार सांगेल त्या संकटातून वाट काढायची. पराक्रम केला की गुण, गुण साठले की पात्र एक पायरी वर. सूत्रधार अर्थातच नकाशेवाला. दिवसभर लोकांची घरं आखणारा हा माणूस राक्षसाच्या गुहेलासुद्धा सांडपाण्याची सोय ठेवी. टायपिस्टबाई जादूगार होत्या, स्टोअरकीपर चोर.

साहेबांनी योद्धा घेतला आणि पहिल्याच दारात तो खड्ड्यात पडून मेला. साहेब नुसतंच “अस्सं” म्हणाले. सोमवारी नकाशेवाल्याचे सगळे नकाशे दुरुस्तीसाठी परत आले.

नकाशेवाला काय ते समजला. त्याची बढती साहेबांच्या एका सहीवर अडली होती, आणि ‘मुख्य नकाशेवाला’ अशी पाटी बायकोने मनातल्या मनात दारावर लावूनही टाकली होती. पुढच्या शनिवारी योद्धा जिवंत झाला, त्याला रस्त्यात जादूची तलवार सापडली आणि तो दोन पायऱ्या वर गेला.

“अहो, राक्षस मी मारला!” स्टोअरकीपर उसळला. “यांच्या योद्ध्याने नुसती जांभई दिली!”

“जांभईने राक्षसाचं लक्ष विचलित झालं,” सूत्रधार म्हणाला.

“मग मलाही तलवार हवी.”

त्याला अदृश्य होणारा अंगरखा द्यावा लागला. मग टायपिस्टबाई रुसल्या, त्यांना उडती खुर्ची मिळाली. एवढ्या बलदंड मंडळींपुढे राक्षस टिकेनात, म्हणून राक्षस वाढवले. वाढलेल्या राक्षसाने साहेबांना ओरखडा काढला, म्हणून साहेबांना अभेद्य चिलखत आलं. चिलखत पाहून स्टोअरकीपर पुन्हा उसळला. एक झाकावं तर दुसरं उघडं पडत होतं.

शेवटी नकाशेवाल्याने ड्रॅगन काढला. महिनाभर खपून त्याने त्याचा डोंगर आखला होता, जिन्यांसकट. तीन शनिवार तरी पुरेल असा त्याचा अंदाज होता. साहेबांनी फासा टाकला, त्यात तलवारीचे गुण मिळवले आणि ड्रॅगन दारातच आडवा झाला.

“संपलं?” साहेबांनी विचारलं.

“संपलं साहेब! काय पराक्रम!”

कुणी टाळी वाजवली नाही. टायपिस्टबाई पर्स आवरायला लागल्या. साहेबांनी फासा उलटसुलट करून पाहिला. नकाशेवाल्याला मात्र हायसं वाटलं, कारण बढतीचा निर्णय सोमवारी होता.

सोमवारी त्याला बोलावणं आलं. तो भांग पाडून आत गेला.

“बसा. मला या खेळात काही मजा आली नाही हो,” साहेब म्हणाले. “तुम्ही मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत गेलात आणि मी चढत गेलो. कष्टाशिवाय मिळालेल्या पायरीला चवच नसते. पटतंय?”

“अगदी शंभर टक्के साहेब!” जन्मभराची सवय आड आली.

“मला वाटलंच होतं. म्हणून तुमची बढती मी थांबवली. तुमच्यावर तसा अन्याय माझ्या हातून व्हायला नको. शिवाय येत्या शनिवारी मी पहिल्या पायरीपासून नवा योद्धा घेतोय. अजिबात दयामाया दाखवायची नाही.”

नकाशेवाल्याच्या डोळ्यांपुढून दारावरची पाटी तरळून गेली. त्याने शेवटचा प्रयत्न केला.

“पण साहेब, ड्रॅगन मेला की काहीतरी बक्षीस द्यायचा नियम आहे.”

“आहे ना,” साहेब पुढचा कागद ओढत म्हणाले. “पण ड्रॅगन मी मारलाय. तुमचा तर तो मेला.”