बिनबंदुकीचा पहारा

नेदरलँड्समधल्या आमच्या झूटरमेर गावात सुपरमार्केटच्या दारात दर शनिवारी दहा ते दोन एक म्हातारा खांद्याला छत्री लटकवून उभा असायचा. पाऊस असो नसो, छत्री उघडायची नाही. तिला त्याने खाकी कापडाचा अभ्रा शिवला होता आणि अभ्र्याला पट्टा. छाती पुढे, नजर येणाऱ्याच्या हातांवर. करोनाचे दिवस होते. लोकांना वाटायचं, हा दुकानाचाच माणूस. निमूट ट्रॉली घ्यायचे, सॅनिटायझर चोळायचे आणि दोन्ही हात त्याला दाखवून मगच आत जायचे. म्हातारा मान हलवून परवानगी द्यायचा.

हे माझ्या शेजाऱ्याचे, सतीश मानेचे वडील. आप्पा. कराडकडचे. आधी फौजेत, मग बावीस वर्षं एका सहकारी बँकेच्या दारात स्वतःच्या लायसनची दुनळी बंदूक घेऊन पहारा. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. बंदूक कराडच्या पोलीस ठाण्यात जमा होती, पण लायसनचं पुस्तक मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात. ते घेऊन इथे फिरू नका, असं सतीशने दहादा सांगितलं. आप्पांचं उत्तर एकच, की कागदाचा काय बार उडतो का?

बँकेत आत येणारा प्रत्येक जण आप्पांना साहेब, तसा मीही साहेब. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, पण ती सवय गेली नाही.

संध्याकाळी कालव्याकाठच्या बाकावर आम्ही दीड मीटर सोडून बसायचो आणि भांडायचो. विषय बंदूक. मी सांगायचो की या देशात बंदूक हवी तर नेमबाजीच्या क्लबात नाव घाला, वर्ष काढा, कागद रंगवा, आणि मिळालीच तर घरात कुलपात ठेवा. रस्त्यावर घेऊन फिरायची सोय नाही, आणि तेच बरोबर आहे. आप्पांना हे हास्यास्पद वाटायचं. कपाटातल्या बंदुकीचा काय उपयोग? त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं.

"बंदूक दाबायची नसती, साहेब. दिसायची असती."

मी चिडायचो. कारण लहानपणी मामाच्या गावच्या वरातीत कुणीतरी हौसेने हवेत झाडलेली गोळी एका बँडवाल्याच्या खांद्यात शिरलेली मी पाहिली आहे. त्याचा हात पुन्हा कधी वर झाला नाही. हे मी आप्पांना एकदाच सांगितलं.  ते म्हणाले, की तो माणूस बंदूक दाखवत नव्हता, स्वतःला दाखवत होता. वर हेही सांगितलं, की बावीस वर्षांत त्यांनी बँकेच्या दारात बंदूक एकदाही भरली नाही. काडतुसं पट्ट्यात नुसती शोभेला. आत पेन्शनवाल्या म्हाताऱ्या, पोरं घेऊन आलेल्या बाया. चुकून उडाली तर?

दरोडा पडला असता तर काय केलं असतंत, असं मी खवचटपणे विचारलं.

"उभा राहिलो असतो," आप्पा म्हणाले.

आता असल्या माणसाशी काय वाद घालणार?

मार्चमधल्या एका शनिवारी मी ट्रॉलीच्या रांगेत होतो. पोलिसांची गाडी येऊन थांबली. समोरच्या इमारतीतून कुणीतरी फोन केला होता, की दुकानाच्या दारात एक परदेशी माणूस पिशवीत लांब बंदूक घेऊन उभा आहे. दोन पोलीस उतरले. पुढे एक उंच बाई होती, तिचा हात कमरेच्या पिस्तुलावर. ती डचमध्ये काहीतरी ओरडली. आप्पांना कळलं नाही.

मला कळलं होतं. मी पुढे होऊन मराठीत दोन शब्द सांगायला हवे होते. मी ट्रॉलीची दांडी धरून उभा राहिलो. लाज वाटते, पण त्या वेळी मला आठवलं ते माझं रेसिडेन्स परमिट, नूतनीकरणाला टाकलेलं. वर्षभर बाकावर बसून हक्क आणि कायदा यांवर मी भाषणं ठोकली होती आणि वेळ आल्यावर माझे पाय हलले नाहीत.

आप्पांनीच तिच्या हाताकडे पाहिलं आणि समजून घेतलं. कवायतीत करतात तसं गुडघा टेकवून छत्री हळूच जमिनीवर ठेवली, दोन पावलं मागे गेले, हात वर. बाईने अभ्रा काढला. आतून काळी छत्री निघाली. रांग हसली. मीही हसलो, आणि तेव्हा कुठे पुढे होऊन दुभाषी झालो.

बाई आता मऊ आवाजात बोलत होती. शेजारी ठीक, पण आजोबांना ओळखणारं घरचं कुणी इथे आहे का? दुकानाच्या मॅनेजरने आत वळून विचारलं. पहिल्याच गल्ल्यावर इरा बसली होती. सतीशची मुलगी, सोळा वर्षांची, शनिवारी इथे काम करायची. शेजारच्या गल्ल्यावर तिची मैत्रीण. इराने दाराकडे पाहिलं. हात वर केलेल्या आजोबांकडे पाहिलं.

"नेय," ती म्हणाली. नाही.

तेवढं डच आप्पांना येत होतं.

परतताना आप्पा खुशीत असल्यासारखे बोलत होते. बघितलंत ना साहेब, बाईने दाबली नाही, नुसती दिसली आणि मी छत्री खाली ठेवली.  ट्रॉलीची दांडी धरून उभा राहिलेला मी मला अजून दिसत होतो आणि त्याचाच मला राग आला. मी फाडकन विचारलं, की तिथे राखण्यासारखं आहे तरी काय? पाव आणि दूध?

आप्पा चालायचे थांबले. मग त्यांनी सांगितलं. महिन्यापूर्वी ते भाजी आणायला गेले असताना बिनमास्कचा एक दांडगा माणूस इराच्या गल्ल्यावर वाकून ओरडत होता. भाषा कळली नाही, पण मागे फेकलेला हात कळला. शब्द मागाहून इराने सांगितले: निघा आपल्या देशात, आपला रोग घेऊन. पोरगी मागच्या खोलीत जाऊन रडली. आई-बाबांना सांगायचं नाही, अशी शपथ घातली. नोकरी तिची पहिली होती. तेव्हापासून तिची शिफ्ट असेल तेव्हा आप्पा दारात.

"पण आप्पा, ती तुम्हाला ओळखत नाही म्हणाली."

"ड्युटीवर ओळख दाखवायची नसती, साहेब. पोरगी शिकली," आप्पा म्हणाले, आणि खिशातलं लायसन उगाच चाचपत राहिले.

सतीशने त्याच दिवशी छत्री कुलपात ठेवली. लोक काय म्हणतील, या एका गोष्टीला तो कराडमध्ये भ्यायचा तसाच इथे भीत होता.

पुढच्या शनिवारी पाऊस होता, इथला तो बारीक, चिवट पाऊस. दुकानासमोर रस्त्यापलीकडे आप्पा उभे होते, रिकामा हात खांद्याशी, जिथे पट्टा असायचा तिथे. टोपीतून पाणी गळत होतं. तिथून पहिला गल्ला दिसत होता. इरा मान खाली घालून पाकिटं सरकवत होती. मी पलीकडे गेलो आणि माझी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली.

"मिटा ती, साहेब," आप्पा म्हणाले. "छत्रीखालचा माणूस तिला दिसायचा न्हाई."

मी छत्री मिटली.